तिसरं पाणी

आई, तुझ्या पद्धतीनं धुतलेल्या पिंपात वीस लिटर बिअर आंबट झाली, आणि ती कशामुळे झाली हे या घरात फक्त मला माहीत आहे. तेरा दिवस झाले. रोज सकाळी उठतो, आज सांगूच असं ठरवतो, जिना उतरून खाली जातो, 'गुटेन मॉर्गन' म्हणतो आणि परत वर येतो. आज शनिवार आहे, मला सुट्टी आहे. उद्या दुपारी घरमालकांची मुलगी म्युनिकहून कागद घेऊन येणार, म्हणजे सांगायचं तर आजच. आणि खाली जायचं सोडून मी तुला लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र तुझ्या हातात पडलं असतं तरी ते मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना नको त्या ओळी मी गाळल्या असत्या. तरीसुद्धा शुद्धलेखन तपासत लिहितोय. पुढे 'निर्जंतुक' हा शब्द सारखा येणार आहे, त्यातल्या 'तु'ला पहिला उकार, हे आधीच शब्दकोशात बघून ठेवलं.

तू गेलीस तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. ते वर्ष तसंच राहिलं. नंतर काही वर्षं दवाखान्यात वॉर्डमध्ये काम केलं, पुण्याला राहून जर्मन भाषेची परीक्षा दिली, आणि आता झिंडेलफिंगेन नावाच्या गावात वृद्धाश्रमात काम करता करता शिकतोय. इथे त्याला आउसबिल्डुंग म्हणतात, आणि वृद्धाश्रमाला नुसतं हाइम. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, औषधं द्यायची. गावात पुण्या-मुंबईची पुष्कळ माणसं आहेत, पण ती गाड्यांच्या कारखान्यातली नाहीतर कॉम्प्युटरमधली, गणपतीत भेटलो की "तू कुठल्या कंपनीत?" असं विचारतात आणि मी हाइम म्हटलं की जरा जास्तच आपुलकीनं बोलतात. मी राहतो ते एका आजोबांच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत. समोर मी त्यांना आडनावानं आणि अहोजाहोनंच हाक मारतो, पण तुला सांगताना आजोबा म्हणतो. ते मला 'बूब' म्हणतात, म्हणजे पोरगा. या भागात जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी असते, तिला 'केरवोखं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यांनी केर हा शब्द आपल्याकडूनच नेला. पहिल्याच पाळीला मी जिन्याचे कठडेही ओल्या फडक्यानं पुसले, तेव्हा आजोबा दारात काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बूब, तू इथेच राहा." खोली मला त्या कठड्यांमुळे मिळाली असं मी धरून चालतो.

आजोबा तेरा दिवसांपूर्वी ब्याऐंशी वर्षांचे झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कारखान्यात अवजारं बनवण्याच्या खात्यात होते, त्यामुळे त्यांच्या तळघरात प्रत्येक पान्याची भिंतीवर बाह्यरेषा काढलेली आहे. पाना काढला की त्याची सावली मागे राहते. त्याच तळघरात ते पस्तीस वर्षं घरची बिअर करतात. बिअर म्हणजे दारूच, आई, मी तुला गोड करून सांगत नाही. पण ते पितात थोडी, वाटतात जास्त. आपल्याकडे एखाद्या घरचं लोणचं गल्लीत जातं तशी त्यांची बिअर गल्लीत जाते. आता त्यांचा उजवा हात कापतो. कपात चमचा वाजत राहतो. मुलगी एकुलती एक, तिला बापाची काळजी वाटते, तिनं हाइममध्ये एक जागा बघून ठेवली आहे. मी काम करतो त्या नाही, दुसऱ्या. आजोबा वर्षभर टाळत होते. शेवटी फेब्रुवारीत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बापलेकीचं ठरलं, मी तिथे कांदा चिरत होतो. ते म्हणाले, "मी एकदा बिअर करतो. माझ्या वाढदिवसाला उघडू. नेहमीसारखी झाली तर वर्षभर हा विषय काढायचा नाही. बिघडली तर तू म्हणशील तिथे सही करतो." मुलगी म्हणाली, "आणि उचलाउचली कोण करणार?" त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "धुणं आणि उचलणं हा. डोकं माझं." तिनं हात पुढे केला, त्यांनी कापरा हात तिच्या हातात दिला. मी म्हणालो, "जा, गेर्न," म्हणजे हो, आनंदानं. खरंच आनंद झाला होता.

आता काम काय असतं ते सांगतो, म्हणजे माझं काय चुकलं ते तुला कळेल. आंबवायला एक मोठं प्लास्टिकचं पिंप असतं, त्याला खाली तोटी. आधी ते सोड्यासारख्या पावडरनं गरम पाण्यात धुवायचं, तोटी खोलून तिचे रबर वेगळे घासायचे. तिथपर्यंत तुझंच राज्य. पण नंतर दुसरं काम असतं, निर्जंतुक करण्याचं. एक औषध पाण्यात घालायचं, त्याला साबणासारखा दाट पांढरा फेस येतो, तो फेस पिंपाच्या आत सगळीकडे फिरवायचा, ओतून द्यायचा, आणि आत चिकटून राहील तो फेस तसाच ठेवायचा. त्यावरच बिअर ओतायची. तो पोटात गेला तरी काही होत नाही, तो तसाच बनवलेला आहे. आजोबा आता जिना उतरून तळघरात येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी मला वर टेबलाशी बसवून समजावलं. म्हणाले, "धुतलेलं डोळ्यांना दिसतं. निर्जंतुक झालेलं दिसत नाही, म्हणून लोकांचा भरवसा बसत नाही. फेसाला घाबरायचं नाही. कळलं?" मी म्हणालो कळलं. तरी त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, 'निष्ट नाखश्प्यूलेन', आणि खाली दोन रेघा मारल्या. हात कापत असल्यामुळे रेघा लाटांसारख्या आल्या. म्हणजे, नंतर पाण्यानं विसळायचं नाही. मी तो कागद पिंपाच्या वर भिंतीला चिकटवला. चारही कोपऱ्यांना टेप लावली.

आणि खाली उतरून, त्या कागदासमोर उभा राहून, मी पिंप विसळलं.

कार्यालयातली तुझी जागा आठवते मला. मंगल कार्यालयाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या तीन टाक्या ओळीत. बाकीच्या बायका पहिल्या दोन टाक्यांवर आळीपाळीनं बसायच्या, तिसरीवर फक्त तू. पहिलं पाणी खरकट्याचं, दुसरं फेसाचं, तिसरं जेवणाराचं, असं तू म्हणायचीस. पंगत उठली की ताटांचा ढीग यायचा, आतून आचारी ओरडायचा, "वाट्या! वाट्या कुठंयत?" आणि तू ताट कानाशी धरून अंगठा फिरवायचीस. करकर वाजलं तर बरोबर. शेजारची मावशी चिडून म्हणायची, "आगं, धुऊन धुऊन ताट झिजंल!" तू म्हणायचीस, "झिजू दे. कार्यालयाचं हाय." मागच्या खोलीतून दारूच्या वासाचे ग्लास यायचे, ते बाकीच्या नाक मुरडून बाजूला सारायच्या. तू तेही तिसऱ्या पाण्यातून काढायचीस. "पिणाऱ्याचं त्वांड वंगाळ. गलासानं काय केलंय?" एकदा कॉलेजातून घरी जाताना मी किल्ली मागायला आलो होतो, गर्दी बघून बाही सारून बसलो. मी ठेवलेल्या वाटीच्या काठाला बोटभर फेस राहिला. तू ती सगळ्यांसमोर टाकीत परत फेकलीस, खणकन. "ह्यात सोयरा जेवनार हाय, तुजा दुस्मन न्हाई." मावशी हसली. माझे कान तापले. त्या दिवसापासून आजपर्यंत फेस राहिलेलं भांडं मी पालथं घातलेलं नाही. एकही नाही. माझ्यासारख्या माणसाला असली सवय लागली की ती सुटत नाही, हे तुला माहीत होतं का?

तर तळघरात कपड्यांच्या मशीनशेजारी एक नळ आहे, त्याला रबरी नळी. फेस पिंपाच्या भिंतीवरून हळूहळू खाली घसरत होता. मी दोन मिनिटं बघत उभा राहिलो. हाइममध्ये मी दिवसातून चाळीस वेळा हाताला औषध चोळतो आणि ते कधीच धूत नाही, त्यामुळे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळत होतं. तरी मनात आलं, आजोबा वर आहेत, त्यांना फेसाचा त्रास झाला तर? वाढदिवसाला दहा माणसं पिणार आहेत, त्यांच्या पोटात गेला तर? कंपनीवाले काय, काहीही लिहितात. एकदा नुसतं पाणी फिरवावं. मग एकदा फिरवल्यावर दोनदा, आणि दोनदा झाल्यावर तिसऱ्याशिवाय राहवलं नाही. अंगठा फिरवला, करकर वाजलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी शीळ घातली. आठवड्यानंतर बाटल्या भरायच्या वेळी पुन्हा तेच. चाळीस बाटल्या, तारेच्या झाकणाच्या, प्रत्येकीला तीन पाणी, त्याच नळीनं. ती नळी गेल्या उन्हाळ्यापासून तिथे वेटोळं होऊन पडली होती. तिच्या आत काय साचलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसत होतं. परवा मी तिच्या तोंडात बोट घालून बघितलं. आत बुळबुळीत थर आहे, शेवाळासारखा, नुसता बोटाला लागतो.

वाढदिवसाला जेवणानंतर पहिली बाटली उघडली. झाकण निघताच फेस उसळून टेबलावर, केकवर, मुलीच्या बाहीवर. सगळे हसले. मुलगी म्हणाली, "पापा, हे कारंजं कधी बसवलं?" उरली तेवढी आजोबांनी ग्लासात ओतली, उजेडात धरली, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा थांबला. घोट घेतला तो गिळला नाही, रुमालात काढला. "दुसरी आण." मी आणली. मग तिसरी. तिसरीला ते म्हणाले, "एस्सिग." म्हणजे व्हिनेगर. मुलीनं चाखली, म्हणाली, "मला तर लिंबाच्या सरबतासारखी लागतेय, वाईट नाही." ते म्हणाले, "खोटं बोलू नकोस. लहानपणीही तुला जमायचं नाही." तिनं भिजलेली बाही पुसली. मग म्हणाली, "एखादी खेप बिघडते, पापा." ते म्हणाले, "पस्तीस वर्षांत एक नाही." त्यांनी हात टेबलावर ठेवला होता आणि तो बशीवर टकटक वाजत होता. त्या हाताकडे ते बघत राहिले, दुसऱ्या कोणाचा असावा तसे. "कायतरी विसरलो असेन. हल्ली विसरतो. बरं, पुढच्या वेळी येशील तेव्हा कागद घेऊन ये." मुलगी रडली. आपण जिंकलो याचं तिला अजिबात बरं वाटलं नाही. मी तिथेच उभा होतो, हातात भांडी पुसायचा टॉवेल, आणि एक ग्लास पुसत होतो. तो ग्लास मी किती वेळ पुसला कोण जाणे.

त्यानंतरचे तेरा दिवस मी स्वतःशी वाद घालतोय. सांगितलं तर ते मला काढून टाकतील. नाही सांगितलं तर ते हाइममध्ये जातील, घर विकलं जाईल, तरीही खोली जाईल. मग मी सांगणार ते त्यांच्यासाठी की खोलीसाठी? शिवाय हाइम म्हणजे काही नरक नाही, मी तिथेच काम करतो, आम्ही माणसांना चांगलं ठेवतो. पण पहिल्या महिन्यात ती माणसं खिडकीजवळ कशी बसतात तेही मी बघतो. कोटाची बटणं लावून बसतात, कोणीतरी न्यायला येणार असल्यासारखी. आजोबांनी मंगळवारपासून भिंतीवरचे पाने काढायला सांगितलेत, खोक्यात भरायला. मी भरतोय. प्रत्येक पाना वर्तमानपत्रात गुंडाळून. भिंतीवर नुसत्या सावल्या राहिल्या आहेत आणि ते वरून, खुर्चीतूनच विचारतात, "बारा नंबर भरलास का?" आपण काहीतरी विसरलो एवढंच त्यांना वाटतंय, आणि त्या एका वाटण्यावर ते सगळं घर आवरायला निघालेत.

आणि मला तुझाही राग येतो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं तर राहू दे. सांगायला गेलो की मला म्हणावं लागेल, माझ्या आईनं असं शिकवलं होतं. म्हणजे पस्तीस वर्षांत न बिघडलेली बिअर तू बिघडवलीस, जी कधी कराडच्या पुढे गेली नाहीस. तुझ्यावर ढकलल्यासारखं होतं. तू लोकांच्या भांड्यांवरून कधी बोल लावून घेतला नाहीस.

एक गोष्ट आपण दोघांनी परत काढली नाही. तुझी साखर वाढली आणि डोळ्यांवर आलं ते वर्ष. औषधाच्या दुकानात संध्याकाळचं काम धरलं तेव्हा पहिल्या पगारातून मी तुला रबरी हातमोजे आणले होते. तू ते खिळ्याला टांगलेस आणि कधी घातले नाहीस. "हाताला कळत न्हाई त्यात." पण पुढे बोटांनाही कळेनासं झालं. घरातल्या ताटांना तेलकट ओशटपणा राहायला लागला, तांब्याच्या गळ्याशी साबण. मी काही बोललो नाही. तू कार्यालयात गेलीस की मी मोरीत बसून सगळी भांडी परत घासायचो आणि होती तशी फळीवर लावून ठेवायचो. एक दिवस तू दुपारीच परत आलीस. "काय करतुयास?" मी म्हणालो, "काही नाही, तांब्या विसळतोय." तू मोरीच्या कडेला हात टेकून वाकलीस, चाचपडत फळीवरचं ताट उचललंस, ते ओलं होतं. "समदीच विसळतुयास व्हय? कवाधरनं?" मी खरं सांगितलं, दिवाळीपासून. तेव्हा शिमगा होऊन गेला होता. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "मला सांगायचं हुतंस. मी पुन्यांदा घासलं असतं, धा येळा घासलं असतं. आता किती दिस मी कार्यालयात लोकास्नी घानीत जेवाय घातलंय, ते कोन सांगंल मला?" दुसऱ्या दिवशी तू स्वतः मॅनेजरकडे गेलीस आणि तिसऱ्या टाकीवरून उठून लसूण सोलायला बसलीस. शेवटपर्यंत लसूणच सोललास. तुझ्या बोटांना त्याचा वास यायचा आणि मी पाया पडलो की तो माझ्या केसांना लागायचा.

इथपर्यंत लिहिलं, पेन ठेवलं आणि खाली जाऊन आलो. आता साडेसहा वाजलेत. झालं ते क्रमानं लिहितो.

आजोबा स्वयंपाकघरात रेडिओवर फुटबॉल ऐकत होते. मी म्हणालो, मला बोलायचंय. ते म्हणाले, "खोली मिळाली वाटतं दुसरी?" मी म्हणालो, नाही, पिंपाबद्दल. "पिंप उत्तम धुतलं होतंस." मी म्हणालो, "औषध फिरवल्यावरही धुतलं. बाटल्याही. नळीनं." त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. "मी कागद लिहून दिला होता." "हो." "माझं अक्षर कळलं नसेल. हात हा असा." त्यांनी मला वाट करून दिली होती, आई. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अक्षर कळलं. शब्दही कळला." आता त्यांनी रेडिओ बंदच केला. "मग?" "फेस होता," मी म्हणालो. "फेस होता!" ते म्हणाले. "फेस होता म्हणतो!" मग मी तुझ्याबद्दल सांगितलं, तीन टाक्या, अंगठा, सगळं, जसं जर्मनमध्ये जमलं तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर असा हात आपटला की साखरेचं भांडं उडालं. "वीस लिटर! पस्तीस वर्षं!" पुढे ते इथल्या गावठी बोलीत इतकं भरभर ओरडले की मला निम्मं कळलं नाही, फक्त गाढव आणि देवाचं नाव कळलं. मी मान खाली घालून उभा होतो आणि मला उशिरा लक्षात आलं की त्यांचे डोळे चमकतायत. "मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "ऐकलंस? मी नव्हतो!" काठी न घेताच उठले. "तुझ्या आईला सांग, माझ्या तळघरात पाऊल टाकायचं नाही!" मी म्हणालो, आई दहा वर्षांपूर्वी वारली. ते थबकले. मग म्हणाले, "माझी बायकोही हेच करायची. तिलाही मी वरच ठेवायचो." आणि फोन उचलून मुलीला लावला, नंबर पाठ, एकही आकडा न चुकता. तिच्यानंतर शेजाऱ्याला, त्याच्यानंतर कारखान्यातल्या जुन्या मित्राला. तासाभरात शेजारी कुंपणावरून मला ओरडून म्हणाला, "काय रे, बिअर आंघोळ घालून भरतोस म्हणे!" या गल्लीत मी स्वच्छतेसाठी प्रसिद्ध होतो.

मग मुलीचा फोन आला, मला, माझ्या नंबरवर. म्हणाली, "तुम्ही हे पापांसाठी म्हणताय ना? फार चांगले आहात तुम्ही. पण मला खोटं नको." मी म्हणालो खोटं नाही. ती म्हणाली, "तुम्ही? तुम्ही तर चमचेसुद्धा आकारानं लावता." मी तिला नळीचं सांगितलं, आतल्या थराचं, चाळीस बाटल्यांना तीन-तीन पाण्यांचं. एवढं बारीक कोणी खोटं सांगत नाही हे तिला पटलं असावं. ती हसली. मग म्हणाली, "ते असो, बिअर राहू दे. तुम्ही त्यांना रोज बघता, तुमचं कामच हे आहे. मी लांब आहे, मला फक्त फोनवरचा आवाज कळतो. तुम्ही सांगा, ते एकटे राहू शकतात?" मी म्हणालो, "जा," म्हणजे हो. ती म्हणाली, "नक्की?" मी पुन्हा म्हणालो, "जा." तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. म्हणाली, मग उद्या मी नुसता केक घेऊन येते, त्या हाइमला नकार कळवून टाकते. खालून आजोबांची हाक येतेय, पाने परत भिंतीवर लावायचेत म्हणून, आणि मी दोनदा "येतो" म्हणून इथेच बसलोय.

त्या 'जा'मध्ये आजोबा किती होते आणि माझी खोली किती होती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण एवढंच नाही, आई. या वर्षात दोनदा ते शेगडी चालू ठेवून खुर्चीत झोपले होते. दोन्ही वेळा करपल्याचा वास वर माझ्या खोलीत आला, दोन्ही वेळा मी खाली जाऊन शेगडी बंद केली, खिडकी उघडली, आणि ते उठायच्या आत सूपचं पातेलं तारेच्या घासणीनं घासून, पुसून, होतं त्या हुकाला टांगलं. दुसऱ्या वेळी त्यांनी उठल्यावर विचारलं, "कसला वास येतोय?" मी म्हणालो, शेजारच्यांकडून येत असेल. हे मी मुलीला सांगितलेलं नाही. आजोबांनाही नाही.